कुठल्या पाण्यातला मासा

काळजाच्या कडेला तो होता — घड्याळातल्या स्प्रिंगसारखा गुंडाळलेला, पांढरट, इतका नीटस की कुणी मुद्दाम वळवून ठेवला असावा. सुरीचं टोक तिने अलगद मागे घेतलं. मासा अर्धा चिरलेला, नळ बारीक सुरू, शेगडीवर पाणी तापत आलेलं, आणि ती ओट्याशी वाकून एका किड्याकडे बघत होती — चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला, ओला हात तसाच हवेत धरलेला. बाहेरचा, तिने मनाशी म्हटलं. हा खाडीतला नाही. विकणाऱ्याने तर गळ्याला हात लावून सांगितलं होतं, खाडीतला आहे बाई, पहाटेचा आहे. विकणारा खोटं बोलेल, हा कशाला बोलेल... अर्थात एका किड्यावरून काही ठरत नाही, ढीगभर मासे चिरावे लागतात तेव्हा कुठे दोन पाण्यांतला फरक दिसायला लागतो, हे तिनेच किती जणांना शिकवलं होतं. पण ओट्याशी उभी असलेली बाई काही प्रयोगशाळेत नव्हती, तिला मनातल्या मनात खात्री बाळगायची मुभा होती.

"पुन्हा लागलीस का बघायला?" मागून ताई म्हणाली. "अगं, तो खायचा आहे. त्याची परीक्षा नाही घ्यायची."

"बघ ना, कसा बसलाय."

"मला नको दाखवूस. मग घास उतरत नाही घशाखाली. काढ आणि टाक."

"शिजला की मरतो. काही होत नाही."

"तुला नाही होत. तुझी हयात गेली त्यांच्यात."

खरंच गेली होती. लोक आयुष्यभर मुलं मोजतात, दागिने मोजतात, कुणी कुणाचे अपमान मोजतं. तिने माशांच्या पोटातले किडे मोजले. बंदरावरचे लोक तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठ फिरली की किडेबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं, कारण निदान त्या नावात तिचं काम तरी होतं. काम सांगायला सोपं होतं, पटवायला अवघड. हा किडा मोकळ्या समुद्रात असतो. तिथल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाच्या पोटात तो वाढतो, ती कोळंबी माशाने खाल्ली की माशात येतो, आणि एकदा आला की माशाच्या जन्मभर तिथेच गुंडाळून बसतो. खाडीतल्या गढूळ उथळ पाण्यात ती कोळंबी फारशी नाही. म्हणून खाडीत वाढलेल्या म्हाताऱ्या माशाच्या पोटातही वेटोळी थोडीच. बाहेर वाढलेल्याचं काळीज मात्र वयाबरोबर भरत जातं. माशाला विचारता येत नाही बाबा तू कुठे वाढलास, तर त्याच्या पोटात राहणाऱ्याला विचारायचं. एवढीच तिची विद्या.

आणि त्या विद्येवर एक कुंपण उभं होतं. खाडीतला मासा वेगळा आहे, बाहेरच्या माशाशी त्याचं येणंजाणं नाही, तो संपला तर बाहेरून कुणी येऊन भरून काढणार नाही — असं तिने एके काळी दाखवून दिलं, म्हणून मोठ्या बोटींना खाडीच्या तोंडाशी मज्जाव होता. आत फक्त लहान होड्या. आज प्रयोगशाळेत बैठक होती ती हे कुंपण काढायची. नवा अहवाल तयार होता, त्यात म्हटलं होतं, आतला आणि बाहेरचा साठा एकच. समितीवर ती अजून होती, निवृत्त होऊनही, एखाद्या घरात जुनं कपाट असतं तशी. आणि संचालकांना सगळ्यांचं एकमत हवं होतं.

"काय म्हणणार आहेस मग?" ताईने विचारलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या, दोन्ही रिकाम्या, तरी ती उभीच.

"बघते."

"बघतेस काय. हो म्हणून टाक. या वयात कशाला कुणाशी वाकडं घ्यायचं? आणि मासा एकच ना? म्हणजे जात एक?"

"जात एक. वस्ती दोन."

"मग झालं की. एका जातीचे, एका रक्ताचे. वस्तीने काय फरक पडतो?"

ती काहीतरी बोलणार होती. सुरी हातात, मासा समोर, उत्तर अगदी जिभेवर... आणि तिने ताईकडे पाहिलं — चौकटीला पुरती न टेकता, नुसती खांद्याने स्पर्श करून उभी असलेली ताई, कुणी आलं तर पटकन बाजूला होता यावं अशी. तिने किडा सुरीच्या टोकाने उचलला आणि कचऱ्यात टाकला. "मीठ कुठे ठेवलंस?" तिने विचारलं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. रस्ता ओळखीचा होता, गुदामं, बर्फाचा कारखाना, दोरखंडांची दुकानं, पण आज तिला ते काही दिसत नव्हतं. वस्तीने काय फरक पडतो. ताई हे विचारते. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिने हसून समजावलं असतं, चिडून समजावलं असतं, पण ताईने विचारावं... तिला एकदम आठवली ती बैठकीची खोली, तिच्या वडिलांची, आणि खुर्चीवर बसलेली मावशी, मांडीवर हातपिशवी धरून. आठवली म्हणायचं, पण तिला कसली आठवण असणार, ती तेव्हा आईच्या अंगावर पीत होती. ही ऐकीव आठवण. इतक्यांदा ऐकलेली की आता तिला पिशवीचा रंगसुद्धा दिसतो. मावशीला मूल नव्हतं. आईला दोन मुली होत्या, पैकी धाकटीचं दूध तुटलेलं नव्हतं, म्हणून थोरली मावशीकडे गेली. इतकं साधं. कुणी वाईट नव्हतं, कुणी रडलं नाही — असं आई सांगायची. थोरलीने जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, एवढी आनंदात होती, असंही आई सांगायची, आणि सांगताना नेहमी पदराचं टोक बोटाला गुंडाळायची.

ताई सुट्टीत यायची. पाहुण्यांसमोर वडील दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून म्हणायचे, मला दोघी एकच. तिला ते वाक्य किती आवडायचं. वडिलांच्या त्या हाताखाली ती सुखाने फुलायची, आणि शेजारी ताई सरळ उभी असायची, हात पुढे बांधून. ताईला आवडायचं का ते? हे तिने कधी... बस एका खड्ड्यातून गेली, पुढच्या बाईच्या पिशवीतून कांदे सांडले, ते उचलण्यात थोडा वेळ गेला.

मग ताईचं लग्न, ताईचा नवरा जाणं, आणि आता ही म्हातारपणाची सोबत, दोन खोल्या नि एक गॅलरी. एका घरात राहायला लागल्यावर तिच्या लक्षात यायला लागलं. ताई पंखा लावण्याआधी विचारते, लावू का गं? स्वतःच्या घरात. डोळे पुरते उघडायच्या आत अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात उभं करते, जसं काही जागा रिकामी करून द्यायची आहे. भात दुसऱ्यांदा घेत नाही. कुणी वाढला तर खाते, स्वतः घेत नाही. सुरुवातीला तिला गंमत वाटली, मग राग यायला लागला. अगं, तुझंच घर आहे ना, असं ती करवादायची, आणि ताई ओशाळून म्हणायची, हो गं, सवय. सवय. कुठली सवय? एका आईच्या पोटच्या दोघी, एकच नाक, एकच आवाज, फोनवर लोक फसतात. आणि एकीला पंखा लावताना कुणाची तरी परवानगी लागते...

तिने जोरात मान हलवली. बैठकीचा विचार करायला हवा होता.

बैठकीतली अडचण वेगळीच होती, आणि ती तिला रात्रंदिवस कुरतडत होती. जनुकांचं तिला भय नव्हतं. जनुकं सांगणार एकच, ते तिला केव्हाच ठाऊक होतं. पिढीत चार भटके मासे इकडचे तिकडे गेले तरी रक्त मिसळत राहतं, त्यावरून उरलेले सगळे कुठे राहतात ते कळत नाही. पण यंदा प्रयोगशाळेने किडेही पुन्हा मोजले होते. तिचीच पद्धत, तिचंच उजेडाचं टेबल — दुधी काच, खाली दिवा, वर माशाच्या मांसाची पातळ पट्टी, म्हणजे आतली वेटोळी सावलीसारखी दिसतात — आणि आकडे आले होते सारखे. आत थोडे, बाहेरही थोडे. फरक नाही. म्हणजे समुद्र बदलला? का मीच पहिल्यापासून चुकत आले? म्हातारी बाई आपल्या जुन्या सत्याला धरून बसते तेव्हा ते सत्य असतं की नुसतं धरून बसणं असतं, हे तिला कोण सांगणार होतं. तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. आणि तरी आत काहीतरी ताठ उभं होतं, आणि ते वाकायला तयार नव्हतं.

प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर तो वास आला, फॉर्मालिन आणि मासळी आणि ओली फरशी, आणि तिचे गुडघे जरा कमी दुखायला लागले. संचालक दारातच उभे होते. तिचा विद्यार्थी. पहिल्या दिवशी मासा चिरताना हा ओकला होता, तिने लिंबू कापून नाकाशी धरलं होतं. आता त्याचे केस पांढरे झाले होते आणि लोक त्याला साहेब म्हणत होते.

"या मॅडम. त्रास दिला तुम्हाला."

"त्रास कसला. बस घरासमोर थांबते. बारीक झालास रे."

"साखर आहे आता."

"मग त्या बिस्किटांना हात लावू नकोस. मी बघणार आहे."

तो हसला, आणि मग हसू आवरून हळूच म्हणाला, "मॅडम, आज जरा सांभाळून घ्या. वरून सारखी विचारणा चालू आहे."

ती त्याच्या बाजूने आत शिरली.

टेबलाशी मोजकीच माणसं. मोठ्या बोटींच्या संघाचा गृहस्थ, पांढराशुभ्र शर्ट, हसतमुख. जनुकांचं काम करणारी एक चष्मेवाली मुलगी, वही उघडी, पेनाचं टोपण चावत. भिंतीशी दोन अधिकारी, चहाची वाट बघत. खाडीतल्या होडीवाल्यांपैकी कुणी नव्हतं. त्यांना बोलवायची पद्धत नव्हती. संचालकांनी अहवाल वाचला. आवाज चांगला होता त्याचा, स्वच्छ. जनुकं एक. किडे सारखे. तस्मात साठा एक. वाचून झाल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"तसंही मला ते किड्यांचं कधी कळलं नाही," संघाचा गृहस्थ म्हणाला. "राग मानू नका बाई, पण किडे मोजून मासा ओळखायचा, म्हणजे उवा मोजून पोरगी ओळखायची असं झालं."

अधिकारी हसले. तीही हसली.

"ओळखता येते की," ती म्हणाली. "उवा कुठल्या शाळेतून आल्या ते आया बरोबर सांगतात."

मुलगी खुदकन हसली आणि तिने घाईने वहीत मान घातली. मुलीकडे वळून ती म्हणाली, "तू मोजलेस ना यंदा?"

"हो मॅडम. मी आणि आमच्या दोघांनी."

"बाहेरचे मासे कुठून आणलेत?"

"बोटींवरून. त्यांनीच दिले."

"केवढे होते?"

मुलीने तळहात टेबलावर आडवा ठेवला, मग दुसऱ्या हाताने मनगटापुढे थोडं अंतर दाखवलं. लहान. लहान मासे. "मोठे ते विकतात ना," ती म्हणाली, "आम्हाला बारीकच देतात. खाडीतले मात्र मोठे मिळाले, होडीवाल्यांनी चांगले दिले." आणि बोलता बोलता ती थांबली. तिचा हात तसाच टेबलावर राहिला. तिला कळलं होतं. सांगायची गरजच नव्हती, ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं — बाहेरचा बालक आणि आतला म्हातारा एका तराजूत घातले, तर दोघांच्याही पोटात थोडेच निघणार. एकाने अजून खाल्लंच नाही, दुसऱ्याला मिळालंच नाही.

"कानातले खडे काढले होते का?" तिने मऊपणे विचारलं. खड्यावरची वर्तुळं मोजली की माशाचं वय कळतं, झाडासारखं.

"नाही मॅडम. वेळ नव्हता."

तिला विजय वगैरे वाटला नाही. इतक्या दिवसांची शंका गळून पडली, आणि तिच्या जागी राग आला, थंड, स्वच्छ, कामाचा राग.

"ठीक आहे, वयाचा मुद्दा नोंदवू," संचालक म्हणाले. "पण मॅडम, म्हणून साठे दोन आहेत असंही यातून सिद्ध होत नाही ना?"

"नाही होत."

"मग तूर्तास एकच धरायला काय हरकत आहे? पुढे मोजू. मोठे मासे मागवू. चुकलं असेल तर दुरुस्त करू."

"तूर्तास बोटी आत येतील," ती म्हणाली. "तू पुढे मोजशील तेव्हा मोजायला काय उरेल ते मला सांग."

"पण रक्त तर एकच आहे," संघाचा गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाला. "विज्ञानच सांगतंय. एकाच आईची लेकरं म्हणायची. इकडे काय, तिकडे काय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. काय झालं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. त्या हसऱ्या, मुळीच दुष्ट नसलेल्या तोंडातून वडिलांचं वाक्य बाहेर पडलं होतं, आणि खांद्यावर तो हात पुन्हा जाणवला, ऊबदार, जड, आणि या वेळी तिला त्या हाताच्या पलीकडे उभी असलेली मुलगी दिसली. ज्याचं काही जात नाही त्यालाच हे म्हणणं परवडतं. आम्ही घरात होतो म्हणून आम्हाला सगळे एक दिसले.

"रक्ताचं मला सांगू नका," ती म्हणाली, आणि आपला आवाज चढलाय हे तिला कळत होतं, तरी तिने तो उतरवला नाही. "रक्त एवढंच सांगतं की कोण कुणाच्या पोटचं. कुठे वाढलं, कुणाच्या हातचं खाल्लं, काय मिळालं नि काय नाही, ते नाही सांगत. ते विचारावं लागतं, चिरून बघावं लागतं. तुम्हाला विचारायचं नाही, म्हणून तुम्ही एकच म्हणता. म्हणा. माझं नाव त्यात घालू नका."

"मॅडम..."

"माझं मत वेगळं आहे असं लिही. आणि का, तेही लिही. लहान मासे, न काढलेले खडे, सगळं. नाही लिहिलंस तर मी बाहेर जाऊन बंदरावर उभी राहून सांगेन. मला आता घरी काही काम नाही."

चष्मेवाली मुलगी वर बघून म्हणाली, "माझंही लिहा, सर. आकडे माझे आहेत. ते असे वापरू नका." तिचे कान लाल झाले होते.

संघाच्या गृहस्थाने घड्याळ पाहिलं. चहा आला, तो कुणी प्यायला नाही.

जिन्यापर्यंत संचालक पोचवायला आले. "तुम्ही ऐकणार नाही हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"मग बोलावलंस कशाला? कळवून टाकायचं, म्हातारी आजारी आहे."

"तसं केलं असतं तर झोप लागली नसती मला."

"आता लागेल?"

तो कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखाने काढत राहिला, थेट विद्यार्थी असताना काढायचा तसा. मग म्हणाला, "वेगळं मत जोडून पाठवतो. वर काय करतील ते मी सांगू शकत नाही." आणि ते खरंच होतं, तिलाही ते ठाऊक होतं. दोन वेगळी मतं जोडलेला अहवाल वर जाईल, कुणी तो शेवटपर्यंत वाचेल किंवा वाचणार नाही, आणि खाडीच्या तोंडाशी बोटी थांबतील किंवा आत शिरतील.

परतीच्या बसमध्ये तिला वाटलं होतं दमायला होईल, पण नाही झालं. छातीत अजून ते बोलणं घुमत होतं. विचारावं लागतं. केवढ्या तोऱ्यात म्हणाले मी. उभ्या जन्मात किती मासे चिरले असतील, कुणा कुणाच्या पोटात शिरून विचारलं, तू कुठे होतास रे, काय खाल्लंस, आणि जिच्याबरोबर रोज सकाळी चहा पिते तिला कधी विचारलं नाही, तिथे कसं होतं. मावशीच्या घरी तुला कुठे झोपवायचे. काका काय म्हणायचे. पंखा कुणाच्या हुकमाने लागायचा. तू सुट्टी संपून परत जायचीस तेव्हा गाडीत काय करायचीस... नाही विचारलं. सवय सोड म्हणून ओरडले मात्र, घर तुझंच आहे म्हणून सुनावलं, जसं काही ते म्हटलं की मागचं सगळं नसल्यासारखं होतं. विचारलं असतं तर दोघी आहोत असं कबूल करावं लागलं असतं. आणि मला एक असणं फार सोयीचं होतं.

जेवणं झाल्यावर ताईने विचारलं, "मग काय सांगितलंस तिथे?"

"नाही म्हणाले."

"वाटलंच मला. हट्टी कुठली." पण तिच्या बोलण्यात नेहमीचा दटावणीचा सूर नव्हता. ती टेबल पुसत होती, एकच जागा पुन्हा पुन्हा.

"ताई," ती म्हणाली, "मावशीकडे तुला कसं वाटायचं गं?"

फडकं थांबलं. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं, ते खडखडत वर गेलं. ताईने फडक्याची घडी केली, मग ती मोडून पुन्हा केली.

"आता कशाला ते," ती म्हणाली. "चांगलंच होतं. आपलीच माणसं."

इथे बोलायचं वाक्य ठरलेलं होतं, वडिलांपासून चालत आलेलं. ते म्हटलं की ताई हसली असती, दोघींनी भांडी आवरली असती आणि दुपार सरळ रेषेत संध्याकाळकडे गेली असती. तिने ते म्हटलं नाही. तिने ओठ मिटून धरले, तसे धरायला जोर लागत होता, आणि ती खुर्चीवर सावरून बसली. समोरची बाई तिच्याकडे बघत होती, तिच्याच डोळ्यांनी, आणि त्या डोळ्यांमागे केवढं तरी पाणी होतं ज्यात आपण कधी पाऊल घातलेलं नाही, जिथलं आपल्याला काही म्हणजे काही माहीत नाही. तिला त्याची भीती वाटायला हवी होती. ताई अजून काही बोलत नव्हती. कदाचित आज बोलणारही नव्हती. नको बोलू, तिने मनात म्हटलं, मी इथून उठत नाही.